बोंबील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोंबलाबद्दल बाजारात, स्वयंपाकघरात आणि किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी मासा कोणता, राहतो कुठे, खातो काय. मग मासेमारी, वाळवण आणि फॉर्मेलिनची शंका. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. बोंबील कुठल्या कुळातला मासा? पापलेट, सुरमई, बांगडा यांच्याशी त्याचं काही नातं आहे का?

जवळचं नातं नाही. बोंबलाचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. त्याचं कुळ सिनोडोंटिडी, म्हणजे पालीसारख्या डोक्याच्या, मोठ्या जबड्याच्या शिकारी माशांचं. गंगेच्या मुखाकडच्या माशांवर काम करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये या जातीचं वर्णन केलं. मुंबईची ओळख बनलेल्या या माशाची शास्त्रातली पहिली नोंद अशी बंगालच्या बाजूने झाली. याच वंशातल्या आणखी काही जाती इतरत्र आहेत. एक उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उथळ पाण्यात राहते, एक जपान-तैवानकडच्या खोल समुद्रात. आपल्या ताटात येतो तो हार्पाडॉन नेहेरियसच.

2. बोंबील जास्तीत जास्त किती मोठा होतो?

सुमारे 40 सेंटीमीटर, पण एवढा क्वचितच दिसतो. बाजारात येणारा चांगला बोंबील 20 ते 25 सेंटीमीटरचा असतो. वाढ झपाट्याने होते आणि आयुष्य दोन-तीन वर्षांचंच. मोठ्या आकाराच्या बोंबलांमध्ये माद्यांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून टोपलीतला सगळ्यात लांब बोंबील बहुधा मादी निघते.

3. ताज्या बोंबलाची नेमकी ओळख काय? ‘चोर बोंबील’ कसा वेगळा काढायचा?

बोंबील हातात घेऊन डोक्याकडून शेपटीकडे पाहत जा. तोंडाची फट डोळ्याच्या बरीच मागे जाते, खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे असतो आणि डोळे लहान, थूथनाच्या (तोंडाच्या पुढच्या टोकाच्या) जवळ असतात. छातीचे आणि पोटाचे पर लांब. पाठीवर मोठ्या पराच्या मागे, शेपटीजवळ, एक छोटा मांसल पर असतो. त्यात काटे नसतात. अंगाचा पुढचा अर्धा भाग जवळजवळ उघडा, खवले मागच्या अर्ध्या भागावरच. शेपटीला दोन नाही, तीन टोकं असतात, कारण अंगाच्या मधली रेषा शेपटीत शिरून मधलं टोक तयार करते. शेपटी फाटलेली नसेल तर ओळख पटवायला ही एकच खूण पुरेशी आहे.

चोर बोंबील (सौरिडा तुंबिल) याच कुळातला. त्याचं अंग घट्ट आणि दंडगोल, रंग तपकिरी, खवले सगळ्या अंगावर आणि शेपटी दोन टोकांची. बोटाने दाबून पाहा, फरक लगेच कळतो. बोंबील दबतो, चोर बोंबील दबत नाही. खायला तो वाईट नाही, पण बोंबलाच्या भावाने घेऊ नका.

4. बोंबील इतका लिबलिबीत का? तो शिळा असतो म्हणून तसा लागतो का?

नाही. पाण्यातून आत्ता काढलेला बोंबीलही मऊच असतो. त्याच्या मांसात 88 ते 90 टक्के पाणी असतं. बहुतेक माशांत ते 70 ते 80 टक्के असतं. स्नायू पातळ, मांस जेलीसारखं. मधला काटा सोडला तर बाकीची हाडं इतकी कोवळी की शिजवल्यावर जाणवत नाहीत. घट्ट आणि टोकदार काय ते जबडे आणि दात.

याचा संबंध त्याच्या जगण्याशी आहे. या गटातल्या माशांना तरंगण्यासाठी लागणारी हवेची पिशवी नसते. पाणीदार, हलक्या अंगामुळे बोंबलाला तळापासून थोडं वर, प्रवाहात तरंगत राहता येतं. लांब पल्ला पोहून भक्ष्याचा पाठलाग करणारा हा मासा नव्हे. प्रवाह भक्ष्य घेऊन येतो, बोंबील तोंड उघडतो.

स्वयंपाकात याचा अर्थ असा, की ते पाणी काढल्याशिवाय बोंबील कुरकुरीत होत नाही. डोकं, पर, आतडी काढून तो पोटाकडून उभा चिरा, मधला काटा काढून उघडा आणि स्वच्छ फडक्यात दोन फळ्यांमध्ये ठेवून वर पाटा किंवा वरवंटा ठेवा. 20 ते 30 मिनिटांत फडकं ओलंचिंब होतं. मीठ-मसाला दाबल्यानंतरच लावा आणि लगेच तव्यावर टाका. मीठ लावून तासभर ठेवला तर पुन्हा पाणी सुटतं, रवा ओला होतो आणि तुकडे तव्याला चिकटून तुटतात.

5. तो समुद्रात नेमका कुठे राहतो?

उथळ, गढूळ पाण्यात, चिखलाच्या किंवा चिखल-वाळूच्या तळाजवळ. आपल्याकडे मुख्य वावर किनाऱ्यापासून साधारण 50 मीटर खोलीपर्यंत. खडकाळ तळ, प्रवाळ किंवा नितळ निळं पाणी ही त्याची जागा नव्हे. त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: नद्या-खाड्यांनी आणलेला गाळ, भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह आणि त्या प्रवाहात ढगांसारखा फिरणारा जवळा. वर्षाचा बराच काळ तो किनाऱ्यापासून थोडा दूर असतो. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे मोठे थवे खाड्यांच्या आणि नद्यांच्या मुखांकडे खायला येतात. पाणी काहीसं मचूळ झालं तरी त्याला चालतं.

6. रत्नागिरीच्या खाली, मालवण-गोव्याकडे ताजा बोंबील का मिळत नाही? आणि मग बंगालमध्ये तो कसा?

बोंबलाचा पट्टा सलग नाही. पश्चिम किनाऱ्यावर सौराष्ट्रापासून (जाफराबाद, नवाबंदर ही मोठी बंदरं) खंभातच्या आखातामार्गे डहाणू, सातपाटी, वसई, मुंबई, रायगडपर्यंत तो भरपूर असतो. रत्नागिरीच्या आसपास विरळ होतो आणि त्याच्या दक्षिणेला जवळजवळ संपतो. मग थेट पूर्व किनाऱ्यावर, आंध्र-ओडिशाच्या उत्तर भागापासून हुगळीच्या मुखापर्यंत, पुन्हा दिसतो. पुढे बांगलादेश (तिथे त्याला लोइट्टा म्हणतात), म्यानमार, इंडोनेशिया आणि चीनपर्यंत तो पसरलेला आहे.

नकाशावर हे तुकडे पाहिले की नमुना दिसतो. मुंबई-दमणसमोर समुद्रातली उथळ जमीन सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेकडे ती निमुळती होत जाते. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, खंभातच्या आखातात त्याच्या दुपटीने; गोव्याला दोन-अडीच मीटरच. नर्मदा, तापी, वैतरणा, उल्हास यांचा गाळ उत्तरेला येतो. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी हीच परिस्थिती आणखी मोठ्या प्रमाणावर आहे. थोडक्यात, गाळ, प्रवाह आणि जवळा जिथे एकत्र, तिथे बोंबील.

मालवण किंवा पणजीच्या बाजारात ओला बोंबील दिसला तर तो बहुधा उत्तरेकडून बर्फात आलेला असतो. एक दिवस तरी जुना समजा आणि प्रश्न 14 मधल्या खुणा पाहून घ्या. सुका बोंबील मात्र पूर्वीपासून दक्षिणेत पोचतो आणि तो चांगला मिळतो.

7. बोंबील काय खातो? साफ करताना पोटात दुसरा बोंबील निघाला, हे नॉर्मल आहे का?

अगदी नॉर्मल. बोंबील पूर्ण मांसाहारी आहे. मुख्य खाणं जवळा आणि लहान कोळंबी, त्यांच्या जोडीला मांदेली आणि इतर बारीक मासे. स्वतःच्या जातीची पिल्लंही तो खातो, आणि हे अपवादाने नव्हे, नेहमीच. पोट ताणलं जातं आणि जबडा खूप उघडतो, त्यामुळे त्याच्या निम्म्या लांबीचं भक्ष्यही आत मावतं.

ताज्या बोंबलाचं पोट उजेडासमोर धरून पाहा. कातडी इतकी पातळ असते की जवळा खाल्ला असेल तर आतले काळे ठिपके दिसतात; ते जवळ्याचे डोळे. मांदेली गिळलेली असेल तर ती दुमडलेली, शेपटी घशाकडे, अख्खी निघते. यात बिघडलेलं काही नाही. फक्त भरल्या पोटाचा बोंबील लवकर फुटतो, म्हणून घरी आणल्याबरोबर आधी पोट साफ करा.

8. साफ करताना बोटाला दात लागले. विषारी असतात का?

विषारी नसतात. पण दात सुईसारखे बारीक, आत वळलेले आणि आतल्या बाजूला दुमडणारे असतात. ते जबड्यांवरच नाही, टाळूवर आणि जिभेवरही असतात. आत जाणाऱ्या वस्तूला ते वाट देतात, बाहेर येणाऱ्याला अडवतात. बोट अडकलं तर हिसका देऊ नका. थोडं आत ढकलून, जबडा उघडून सोडवा. साफ करताना कात्रीने आधी डोकंच कापून टाकणं सोपं. ओरखडा आला तर साबणाने नीट धुवा, कारण माशाच्या चिकट पाण्यातले जंतू जखमेत गेले की बोट सुजतं.

9. बोंबील अंडी कधी घालतो? गाबोळी (अंड्यांची पिशवी) क्वचितच का मिळते?

एकच ठरलेला हंगाम नाही. अंडी घालणारे बोंबील वर्षभर थोडेथोडे सापडतात, काही महिन्यांत जास्त. म्हणूनच एकाच जाळ्यात बोटाएवढं पिल्लू आणि हातभर मादी एकत्र येतात. एका मादीत हजारो अंडी असतात, मोठ्या मादीत लाखाच्याही पुढे. पण अंडी अगदी बारीक आणि गाबोळी नाजूक. पोटातल्या पाचक रसांनी मासा मेल्यावर ती लवकर विरघळते आणि साफ करताना आतड्यांबरोबर निघून जाते.

10. बोंबलाचा हंगाम कोणता? पावसाळ्यात मिळतो तो कुठून येतो?

आपल्या किनाऱ्यावर मोठा हंगाम मासेमारी सुरू झाल्यापासून, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत बंदी असते. या दोन महिन्यांत बिगरयांत्रिक होड्यांना परवानगी असल्याने खाडीच्या तोंडाशी पकडलेला थोडा बोंबील येतो, कारण थवे तेव्हा किनाऱ्याजवळ असतात (प्रश्न 5). बाकी जो दिसतो तो साठवणीतला. गोठवून सोडलेल्या बोंबलाचं मांस चोथ्यासारखं होतं आणि खाली पाण्याचं थारोळं साचतं, यावरून तो ओळखता येतो.

11. बोंबील डोल जाळ्यातच का सापडतो? तिथीचा आणि मासळीचा खरंच संबंध आहे का?

संबंध खरा आहे आणि कारण साधं आहे. डोल हे शंकूच्या आकाराचं मोठं पिशवीजाळं. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधून त्याचं तोंड प्रवाहाकडे ठेवतात. आस (जाळ्याच्या भोकाचा आकार) तोंडाशी मोठा, मागे लहान लहान होत जातो आणि खोल्यात, म्हणजे शेवटच्या पिशवीत, सगळ्यात बारीक. जाळं ओढत नाहीत; पाणीच मासळी आत आणतं. प्रवाहाबरोबर वाहणारे बोंबील, जवळा, मांदेली हे सगळे त्यात येतात. भरती किंवा ओहोटीची ओढ सुरू झाली की जाळं लावायचं आणि ओढ मंदावली की, प्रवाह उलटा फिरायच्या आत, खोला वर घ्यायचा. उशीर झाला तर प्रवाह फिरून जाळं उलटतं आणि मासळी निसटते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जोरात असते, म्हणून डोल भरते. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, ओढ मंद, मासळी कमी. ताजा आणि स्वस्त बोंबील हवा असेल तर कॅलेंडरवर पौर्णिमा-अमावास्या बघून त्या दोन-तीन दिवसांत बाजारात जा. वारा फार असेल किंवा समुद्र खवळला असेल तर हे गणित चुकतं.

12. लहान बोंबील स्वस्त मिळतात. घ्यावेत का?

घेऊ नयेत. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला; बोंबलासाठी तो 180 मिलिमीटर आहे. थूथनापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं. अंदाजासाठी, शाळेतल्या 15 सेंटीमीटरच्या पट्टीपेक्षा बोंबील तीन सेंटीमीटर तरी लांब हवा.

बोंबलाचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं (प्रश्न 2). पहिल्यांदा अंडी घालायच्या आधी पकडलेलं पिल्लू पुढच्या हंगामात काहीच देत नाही. डोलीच्या बारीक खोल्यातून पिल्लं निसटत नाहीत आणि वर येईपर्यंत बहुतेक मेलेली असतात, म्हणून ‘परत सोडा’ हा सल्ला बोंबलाला फारसा लागू पडत नाही. आस मोठा करणं आणि पिल्लांच्या काळात खाडीच्या तोंडाशी जाळी न लावणं हेच खरे उपाय. गिऱ्हाइकाच्या हातात एवढंच आहे की बोटाएवढ्या बोंबलाला मागणी राहू द्यायची नाही. ही मागणी थांबली पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं. दर हंगामात टोपल्याच्या टोपल्या पिल्लं मातीमोल भावाने जातात.

अपवाद एक. मिश्र ‘जवळा-मांदेली’ वाट्यात दोन-चार लहान बोंबील आले तर ते वेगळे पकडलेले नसतात. त्यावरून विक्रेतीशी वाद घालू नका.

13. सुके बोंबील मीठ न लावता कसे टिकतात? घरी वाळवता येतील का?

अंग पातळ, चरबी कमी आणि जाडी सगळीकडे सारखी, त्यामुळे वारा मिळाला की पाणी लवकर जातं आणि मीठ लागत नाही. कोळीवाड्यात बांबू-दोऱ्यांच्या वलांडीवर बोंबील जोडीने टांगतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, आत वळलेले दात (प्रश्न 8) एकमेकांना धरतात, आणि जोडी दोरीवर दोन्ही बाजूंना लटकते. गाठ नाही, हूक नाही. दोन जबड्यांवर अख्खा मासा सुकेपर्यंत तोलून राहतो.

चांगलं ऊन आणि खारा वारा असेल तर तीन-चार दिवस लागतात. 10 किलो ओल्या बोंबलातून सव्वा ते दीड किलो सुका मिळतो, त्यामुळे सुक्याचा भाव चढा वाटला तरी तो वाजवी असतो.

घरी करायचे तर ऑक्टोबर ते मे यांतला कोरडा आठवडा निवडा. आतडी काढा, स्वच्छ पाण्यात धुवा, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर टांगा, भोवती जाळी लावा. संध्याकाळी दव पडायच्या आत उतरवा. पहिल्या दिवशी आभाळ आलं तर वाळवण फसतं: मांस जबड्यापासून सुटून खाली पडतं, माश्या अंडी घालतात, वास येतो. असा माल पुन्हा उन्हात टाकून सुधारत नाही, फेकून द्या. वाळलेला बोंबील वाकवला की कटकन मोडला पाहिजे. नुसता वाकत असेल तर आत ओल आहे, बुरशी येणार. हवाबंद डब्यात ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात डबा फ्रीजरमध्येच ठेवा, नाहीतर भुंगेरे होतात.

14. फॉर्मेलिनच्या पट्टीने तपासला, बोंबील पॉझिटिव्ह आला. मासेवालीने फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. गोव्यात 2018 मध्ये मासा टिकवायला फॉर्मेलिन लावतात का, हा वाद पेटला तेव्हापासून हा प्रश्न वाढला. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइड. बोंबलात फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होतं, आणि इतर माशांपेक्षा बरंच जास्त. समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथिलअमाईन ऑक्साईड असतं. बोंबलाच्या शरीरातलं एक विकर (एन्झाइम) मासा मेल्यावर त्याचे दोन तुकडे करतं: डायमिथिलअमाईन आणि फॉर्माल्डिहाइड. बर्फाने हे मंदावतं, पूर्ण थांबत नाही. त्यामुळे एक दिवस जुन्या, कुणीही काही न लावलेल्या बोंबलावर पट्टी रंग बदलू शकते. ‘आहे की नाही’ सांगणारी पट्टी बोंबलासाठी पुरावा ठरत नाही. प्रयोगशाळेत प्रमाण मोजावं लागतं.

डोळ्याने आणि हाताने हे पाहा. फॉर्मेलिन मांस कडक करतं. बोंबील रबरासारखा ताठ असेल, अंगावर चिकटपणा नसेल, माशाचा वास नसेल तर घेऊ नका. ताजा बोंबील मऊ, अर्धपारदर्शक, गुलाबी झाक असलेला असतो; कल्ले लाल, पोट अखंड. शिळा होताना तो आधी दुधट होतो, मग पिवळसर, आणि पोट फुटतं. घरी आणल्यावर डोकं-आतडी लगेच काढून दोन-तीन पाण्यांत धुवा आणि झाकण न ठेवता नीट शिजवा. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने उडतं, त्यामुळे प्रमाण कमी होतं.

15. लंडनला राहतो. इथे मिळणारा बोंबील खात्रीचा असतो का?

1997 मध्ये युरोपीय आयोगाच्या नियमांमुळे सुक्या बोंबलाची आयात थांबली होती. नंतर मान्यताप्राप्त केंद्रात पॅक केलेल्या मालाला वाट मिळाली. पाकिटावर केंद्राचा मान्यता क्रमांक आणि तारीख बघून घ्या. सुटा, बिनलेबलचा माल टाळा. गोठवलेला ओला बोंबील फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सुटू द्या, मग प्रश्न 4 प्रमाणे दाबा. पाणी नेहमीपेक्षा जास्त निघेल.

16. बोंबलाची शेती का करत नाहीत? काचेच्या टाकीत ठेवता येईल का?

व्यापारी शेती होत नाही. मऊ अंगाचा मासा जाळ्यातून जिवंत आणि न दुखावता काढणंच कठीण, मग पैदास पुढची गोष्ट. त्याला जिवंत, हलतं भक्ष्य लागतं. खाणं मिळालं नाही की टाकीतल्या भावंडांवर येतो (प्रश्न 7). शिवाय गढूळ पाणी आणि सतत वाहता प्रवाह टाकीत देता येत नाही. पिल्लं विकायला कुणी आणली तरी घेऊ नका, ती दिवसभरही जगणार नाहीत.